अपत्याची आर्ती आणि परमार्गाचा विचार



ब्रह्मविद्येतील एखाद्या कठीण सूत्राचा अन्वय लावून दाखवावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या निरूपणात सहसा होत नाही, परंतु जो मनात घेऊन अनेक वासनिक स्त्रिया, आणि पुरुषही, निरूपणास येतात व मुकाट्याने परत जातात, त्याचा विचार येथे कर्तव्य आहे. तो प्रश्न अपत्यहीनतेचा. ज्यांना मूल हवे होते आणि झाले नाही, त्यांच्या दुःखाविषयी परमार्ग काय सांगतो, हा त्याचा एक भाग. जे सांगतो ते आपण त्यांना कसे सांगतो, हा दुसरा. यांपैकी दुसरा अधिक अवघड आहे, हे मी स्वतःच्या प्रमादातून शिकलो. म्हणून आरंभ त्या प्रमादापासूनच करतो. ज्यांच्या संबंधाने तो घडला, त्या पतिपत्नींच्या अनुमतीने हे लिहीत आहे. त्यांचे नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

सन १९९६ च्या वर्षाकाळातील गोष्ट. शास्त्राचे अध्ययन पुरे करून मी नुकताच निरूपण करू लागलो होतो. वय सव्वीस-सत्तावीस. सूत्रपाठ मुखोद्गत होता, विचार-आचाराची प्रकरणे पाठ झालेली होती, आणि पाठ झालेले सर्व आपल्याला कळले आहे असे वाटण्याचे ते वय होते. एके दुपारी निरूपण आटोपून मंडळी उठली, तरी एक उपदेशी बाई खांबाशी बसून राहिली. सर्व गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, “बाबा, माझ्याकडून चूक झाली. उपदेश घेतलेला असताना मी देवीला नवस बोलले. लग्नाला चौदा वर्षे झाली, घरात पाळणा नाही. मला प्रायश्चित्त सांगा.”

मी प्रायश्चित्त सांगितले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरे झाले असते. परंतु अनन्यभक्तीत देवतांतर आल्याने काय हानी होते, देवतांची फळे कशी नाशवंत आहेत, संतती हे प्रपंचाचे बंधन कसे आहे, ज्यांना ते लाभलेच नाही त्यांनी उलट परमेश्वराचे उपकार कसे मानावेत, आणि सरतेशेवटी हे सर्व ज्याच्या त्याच्या कर्माचे फळ कसे आहे, हे मी त्या बाईला अर्धी घटका ऐकवले. तिने ऐकून घेतले, दंडवत घातले आणि पदर सावरून ती निघून गेली. पुढे तीन वर्षे ती निरूपणास आली नाही.

त्याच सायंकाळी मी हे सर्व थोड्या समाधानाने गुरुवर्यांच्या कानावर घातले. त्यांनी विचारले, “ती काय मागत होती?” मी म्हणालो, “प्रायश्चित्त.” “ते दिल्यानंतर तू जे बोललास, ते कशाचे उत्तर होते?” मला सांगता आले नाही. ते पुन्हा काही बोलले नाहीत.

तीन वर्षांनी तिचा यजमान एकटाच आश्रमात आला. त्याने सांगितले ते असे. सन १९८९ मध्ये दोघांची शहरात तपासणी झाली होती. दोष त्याच्याकडे निघाला. परतीच्या एसटीत दोघे एक अक्षर बोलले नाहीत. घरी पोचल्यावर सासूने विचारताच त्याने तोंड उघडण्यापूर्वी ती बोलली, “माझ्यातच आहे.” त्या दिवसापासून घरात, भावकीत, गावात वांझपणाचा शब्द तिने आपल्या अंगावर घेतला. सवत आणण्याची बोलणी झाली तेव्हाही तिने खरे सांगितले नाही. “बाबा, दहा वर्षे मी तिच्या आडोशाला बसून जेवलो,” असे म्हणून तो गृहस्थ रडू लागला. मग म्हणाला, “त्या दिवशी तुमच्याकडून घरी आली आणि एवढेच बोलली, बाबा सांगतात माझेच कर्म आहे.”

ज्या दोषाचा तिच्या देहाशी संबंध नव्हता, तो तिने प्रीतीने पत्करला होता. त्यावर मी शास्त्राची मुद्रा उठवून दिली होती. येथून माझ्या विचारास आरंभ झाला.

प्रथम कर्माचा विचार करू. कर्म आहे, त्याचे फळ आहे, आणि ते जीवाला भोगावे लागते, हे आपले प्रमेय होय. त्यात शंका नाही. परंतु अमक्याला अमुक दुःख अमुक कर्माने आले, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? जीव अनादि अविद्येने वेढलेला, अल्पज्ञ. तो स्वतःचे मागील जन्मीचे एक कर्मही जाणत नाही, मग दुसऱ्याच्या कर्माची वही त्याने कोठे वाचली? ती जाणणारा एक सर्वज्ञ. म्हणून जो माणूस शेजारणीच्या रिकाम्या कुशीकडे बोट दाखवून ‘पूर्वजन्मीचे पाप’ असे म्हणतो, तो कर्मसिद्धांत सांगत नसून नकळत सर्वज्ञतेवर हक्क सांगतो. हा दोष नवस बोलण्याच्या दोषाहून लहान आहे, असे मला वाटत नाही. कर्माचा विचार आपण आपल्यापुरता करावा. आपले दुःख सोसताना तो धैर्य देतो. दुसऱ्याच्या दुःखावर तो ठेवला की त्याचा धोंडा होतो.

लौकिक दृष्टीनेही पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार प्रौढ माणसांपैकी सुमारे साडेसतरा टक्के, म्हणजे साधारणपणे दर सहांतील एकास, आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीस तोंड द्यावे लागते. श्रीमंत देश आणि गरीब देश यांत या प्रमाणाचे फारसे अंतर नाही. तसेच अपत्य न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये कारण पुरुषाकडे, एकटे अथवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, असते असे वैद्य सांगतात. आपल्या देशात क्षयरोग गर्भाशयात व गर्भनलिकांत शिरून नलिका बंद करतो, आणि बाईला खोकलाही नसल्याने तो ध्यानात येत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. इतके असता तपासणीला मात्र सून एकटी पाठवली जाते, अंगारा तिलाच लावला जातो, उपास तीच करते. मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी घडला. त्याच दुःखातील पुरुषासाठी जो शब्द लोक वापरतात, तो शिवीसारखा वापरतात. मग एक शब्द सोसते आणि दुसरा लपतो. दोघेही एकटे पडतात.

केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आहे, तो सर्वांस परिचित आहे. त्याचा मूळ विषय निराळा आणि फार थोर आहे. तथापि या दुःखाभोवती जमणारी माणसे पाहिली की मला तो आठवतो. सासूच्या हाताला वंश लागतो, ज्योतिषाच्या हाताला ग्रह लागतो, भगताच्या हाताला बाधा, वैद्याच्या हाताला देह, भावकीच्या हाताला जमिनीचा हिस्सा. आणि माझ्यासारख्या नवख्या निरूपणकाराच्या हाताला प्रमेय. प्रत्येकाचे चाचपणे काही अंशी खरे असते. परंतु दुःख समग्र रूपाने जिच्या उरात आहे, तिला ‘तुला काय होते?’ असे त्यांपैकी कोणीच विचारत नाही.

आता नवसाचा विचार. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, आणि मोक्ष देणारा परमेश्वर एकच आहे, हा आपल्या शास्त्राचा पाया. म्हणून उपदेशी माणसाने देवतेला नवस बोलू नये, हा निषेध योग्यच आहे. त्यात सवलत सुचवण्याचा माझा मानस नाही. परंतु निषेध कशाचा आणि तिरस्कार कोणाचा, याचा विवेक हवा. जी बाई चौदा वर्षे वाट पाहून, सारे उपाय थकल्यावर, एका संध्याकाळी देवळाच्या पायरीवर जाते, ती परमेश्वराला सोडून गेलेली नसते. आपल्याकडे बोलायला जागा न उरल्यामुळे ती तेथे गेलेली असते. ती जागा आपण ठेवली होती काय, हा प्रश्न आधी आश्रमाला विचारावा आणि मग तिला प्रायश्चित्त सांगावे.

शिवाय या आर्तीचा बाजार मांडणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अलौकिक शक्तीने मूल होईल असे आश्वासन देऊन, मूल न होणाऱ्या स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे, हे कृत्य त्याच्या अनुसूचीत स्पष्ट शब्दांत नमूद करावे लागले. कायद्यात असे वाक्य घालावे लागते, यावरून समाजात काय चालत आले असेल हे सुज्ञांनी ओळखावे. गंडा-दोरा, अंगारा, बुवा यांपासून दूर राहा, असे परमार्ग आठशे वर्षे सांगत आला. ते सांगणे बाईला धाक घालण्यासाठी नसून तिच्या रक्षणासाठी आहे, हे आपण तिला कळू दिले पाहिजे.

तिसरा विचार गतीचा. निपुत्रिकाला गती नाही, ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, पिंड देणारा नसेल तर पितर उपाशी राहतात, या कल्पना स्मृतींतून लोकात उतरल्या आणि आपल्या वासनिकांच्या घरातही राहिल्या आहेत. येथे परमार्गाने नि:संदिग्ध शब्दांत बोलले पाहिजे. हे आपले प्रमेय नव्हे. मोक्ष परमेश्वराच्या कृपेने होतो, आणि त्यासाठी जीवाला स्वतः अनुसरावे लागते. मुलाने दिलेल्या पिंडाने बापाची अविद्या छेदली जात नाही, आणि पिंड न मिळाल्याने कोणाचा मोक्ष अडत नाही. आपली आचार्यपरंपराही उदरातून आलेली नाही, ती उपदेशातून आलेली आहे. म्हणून ज्या घरात पाळणा हलला नाही, त्या घराला परमेश्वराचे दार बंद आहे असे मानणारा वासनिक गळ्यात उपदेश धारण करून दुसऱ्याच शास्त्रावर विश्वास ठेवतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी कोण बायका होत्या, ते आठवावे. महदाइसा बालविधवा. बाइसा, जिने स्वामींची अखंड परिचर्या केली, तीही विधवा. त्या काळच्या गावाने या बायकांना शुभकार्यात पुढे येऊ दिले नसते. स्वामींनी त्यांना ज्ञान सांगितले, त्यांचे प्रश्न ऐकले, महदाइसेच्या जिज्ञासेचे कौतुक केले. विटाळाच्या समजुतीचेही त्यांनी निराकरण केले. देहातून जे इतर स्राव होतात त्यांपैकीच तो एक, अशी त्यांची दृष्टी होती. बाईच्या कुशीत काय घडते आणि काय घडत नाही यावर तिची योग्यता मोजू नये, हे या सर्वांतून निघते. रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचणारी महदाइसा मराठीची आद्य कवयित्री म्हणून आज ओळखली जाते. तिचा वंश कोणी विचारत नाही.

चौथा विचार एका पुराणकथेच्या आधाराने करतो. भागवताच्या सहाव्या स्कंधात शूरसेन देशाच्या चित्रकेतु राजाची कथा आहे. राण्या अगणित, संतती नाही. अंगिरा ऋषी आले. त्यांनी राजाच्या मुखावरील म्लानता ओळखली आणि कारण विचारले. राजाने मूल मागितले. ऋषींनी यज्ञ करून चरूचा शेष थोरल्या राणीला, कृतद्युतीला दिला, आणि तिला पुत्र झाला. पुढे इतर राण्यांनी त्या बालकाला विष दिले. राजा शोकाने मूढ झाला तेव्हा अंगिरा नारदासह पुन्हा आले. नारदांच्या सामर्थ्याने त्या बालकाचा जीव परत देहात येऊन बोलला की, इतक्या जन्मांत इतके मायबाप झाले, यांतले माझे कोणते? तेव्हा राजाचा मोह फिटला.

ही कथा निरूपणात सांगितली जाते ती बहुधा एकाच तात्पर्यासाठी, की पाहा, मूल मागणारा कसा फसतो. मीही तशीच सांगत आलो. परंतु कथा नीट वाचली असता दोन गोष्टी ध्यानात येतात, ज्या मी पूर्वी ओलांडून जात होतो.

पहिली अशी. दुसऱ्या भेटीत अंगिरा राजाला सांगतात की, पहिल्या वेळीच तुला ज्ञान द्यावे असे माझ्या मनात होते, परंतु तुझे मन अन्यत्र गुंतलेले पाहून मी पुत्रच दिला. म्हणजे ज्याच्यापाशी देण्यासारखे परम ज्ञान होते, त्याने ते आर्ताच्या माथी मारले नाही. आधी मुख पाहिले, कारण विचारले, ऐकले, अधिकार ओळखला. ऋषीने जो धीर धरला, तो मला अर्धी घटकाही धरता आला नव्हता.

दुसरी गोष्ट राण्यांची. विष देणाऱ्या राण्यांची आपण निंदा करतो, ती योग्यच. परंतु ग्रंथ त्यांचे दुःखही सांगतो. पुत्र झाल्यावर राजाची सारी प्रीती त्याच्या आईकडे वळली. इतर राण्या निपुत्रिक म्हणून उपेक्षिल्या गेल्या, दासीहूनही हीन झाल्या, आणि स्वतःचाच धिक्कार करू लागल्या. त्या धिक्कारातून मत्सर झाला आणि मत्सरातून विष. विष त्यांच्या हातून गेले, परंतु ते राजवाड्याच्या उपेक्षेत तयार झाले होते. ज्या घरात मूल असलेलीला पाट आणि नसलेलीला उंबरठा मिळतो, त्या घराने ही कथा लक्षपूर्वक ऐकावी.

अकराव्या स्कंधाचा आरंभही येथे आठवतो, ज्यावर आपल्या भास्करभट्ट बोरीकरांनी ग्रंथ रचला. यादवांच्या पोरांनी सांबाला गर्भवतीचे सोंग देऊन ऋषींना विचारले, हिला काय होईल? गर्भाची थट्टा झाली आणि त्यातून मुसळ निघाले. ज्या कुळाला पुत्रांची वाण नव्हती, ते कुळ पुत्रांच्याच उन्मत्तपणाने संपले. कुशीची थट्टा करू नये, भरल्या कुशीची नाही आणि रित्या कुशीची तर नाहीच. नवविवाहितेला सहा महिन्यांत ‘काय, काही विशेष?’ असे हसत विचारणाऱ्यांनी त्या शब्दांतले मुसळ ओळखावे.

पाचवा विचार उपायांचा. हा विषय वैद्यांचा आहे, भिक्षुकाने त्यात फार बोलू नये. परंतु परमार्गात याला बंदी आहे काय, असे वासनिक विचारतात, म्हणून सांगतो. देह आजारी पडला असता औषध घेण्यात अनन्यभक्तीची हानी नाही, हे आपण ताप-खोकल्यात मानतो. मग येथेच का मानू नये? एक वर्ष वाट पाहूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनी मिळून तपासणी करावी. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच करावी, असे वैद्य सांगतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी देहाबाहेर फलित झालेल्या गर्भातून कन्या जन्मली. त्यापूर्वी १९७८ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे साधले होते. हयातीत मात्र त्यांना मान्यता मिळाली नाही. आता अशी केंद्रे गावोगावच्या शहरांत आहेत, आणि २०२१ च्या कायद्याने त्यांना नोंदणी आवश्यक केली आहे. परंतु प्रत्येक प्रयत्न फळतोच असे नाही. शेत विकून चार वेळा प्रयत्न केलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून उपाय करावा, आणि कोठे थांबायचे तेही पतिपत्नींनी आधी ठरवावे. थांबणे हा पराभव नव्हे.

दत्तकाविषयीही तसेच. पूर्वी दत्तक घ्यायचा तो पिंडासाठी आणि वतनासाठी, म्हणून तो मुलगाच असे. सन १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. पिंडाची अपेक्षा नसलेल्या परमार्गीयाला तर तीत काहीच अडचण नसावी. भगवान श्रीकृष्णचक्रवर्ती देवकीच्या उदरी अवतरले आणि यशोदेच्या मांडीवर वाढले. श्रीगोविंदप्रभूंचे मातापिता बालपणीच निवर्तले, आणि मामा-मावशींनी त्यांना रिद्धपुरी सांभाळले. पुढे त्याच रिद्धपूरची माणसे त्या श्रीप्रभूंना माय म्हणून आणि बाप म्हणून हाक मारू लागली. पोटचे आणि परके हा भेद आपल्या अवतारचरित्रांनीच पुसलेला आहे. तथापि ‘एखादे मूल घेऊन टाका’ असे सहज म्हणू नये. मूल ही रिकामी जागा भरण्याची वस्तू नव्हे, आणि कायदेशीर मार्गाची प्रतीक्षा मोठी असते. ज्यांचे मन तयार होईल त्यांनी घ्यावे. ज्यांचे होणार नाही त्यांना उणे लेखू नये.

आता शेवटचा विचार, ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला. ही आर्ती वाईट आहे काय? ती मोह आहे, असे मी त्या बाईला सांगितले होते. आज मला निराळे दिसते.

मृत्यूचा शोक समाज मान्य करतो. माणसे येतात, बसतात, गेलेल्याच्या गोष्टी सांगतात, दिवस मोजले जातात, आणि मोजता मोजता शोक ओसरतो. जो आलाच नाही त्याच्या शोकाला दिवस नाहीत, आठवण नाही, नाव नाही. त्याचे भेटायला कोणी येत नाही. प्रत्येक महिन्याला आशा उभी राहते आणि प्रत्येक महिन्याला ती मोडते, आणि दुसऱ्या दिवशी बाई चुलीशी बसलेली असते. दुसऱ्याच्या बारशाला बोलावले तर जाववत नाही, आणि बोलावले नाही तर त्याहून लागते. हे दुःख मोह म्हणून झटकता येत नाही, कारण धरायला त्याचा काठच सापडत नाही.

परंतु आपण कोण? आपणही असन्निधानातील माणसे आहोत. स्वामी उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिलेल्या भक्तजनांचा हा पंथ आहे. ते व्याकूळ होऊन रिद्धपुरी श्रीप्रभूंपाशी आले. पुढे श्रीप्रभूंचेही असन्निधान झाले. तेव्हा त्यांनी स्वामींच्या क्रीडा एकमेकांना सांगितल्या, म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून त्या विचारून घेतल्या, आणि त्यातून लीळाचरित्र झाले. आजही आपण जेथे दंडवत घालतो, तो ओटा रिता असतो. तेथे स्वामी बसले होते. आता तेथे कोणी दिसत नाही. तरी आपण त्याला विडा अर्पण करतो, त्याला मस्तक टेकतो, आणि डोळे भरून येतात. रित्या जागेपुढे रडणे काय असते, हे ज्या पंथाला आठशे वर्षे ठाऊक आहे, त्या पंथाने रित्या पाळण्यापुढे रडणाऱ्या बाईला मोहात पडलेली म्हणावे काय?

दोन्ही आर्ती एक आहेत असे मी म्हणत नाही. एकीचा विषय परमेश्वर, दुसरीचा विषय जीव. एकीने मोक्ष घडतो, दुसरीने घडत नाही. हा भेद शास्त्राचा आहे आणि तो राहणारच. परंतु वाट पाहणारे अंतःकरण दोन्हीकडे तेच असते. ज्याला मनापासून कोणाची वाट पाहता येते, त्याच्या ठिकाणी परमेश्वराची वाट पाहण्याचे सामर्थ्य आहे. कोरड्या मनापेक्षा आर्त मन अनुसरणाच्या अधिक जवळ असते. ते मन केव्हा वळेल हे परमेश्वर जाणे. ते वळावे म्हणून आपण त्याला लाजवू नये, घाई करू नये. लाजवलेले मन वळत नाही, मिटते.

दृष्टांत असा. एका शेतात विहीर खणली. पाणी लागले नाही. गडी म्हणाले, खणणे व्यर्थ गेले, बुजवून टाका. शेतकरी बुजवायला तयार होईना. पावसाळा आला तेव्हा सगळ्या शिवाराचे पाणी उताराने त्या खोल जागी येऊन साठले. दार्ष्टांतिक असे की, दुःखाने अंतःकरणात जी खोली झाली, ती ज्यासाठी खणली होती ते तेथे आले नाही, म्हणून ती बुजवण्याची घाई करू नये. परमेश्वराची कृपा उतरायची तर तिलाही खोल जागा लागते. मात्र हा दृष्टांत ज्याने त्याने आपल्यापुरता लावून घ्यावा. दुसऱ्याच्या दारात जाऊन तो सांगू नये, कारण ज्याची विहीर कोरडी आहे त्याला आज पाण्याची तहान आहे.

वासनिकांनी एवढे करावे. मूल नसलेल्या बाईला ओटी भरायला बोलवावे, आणि ती आली नाही तर रागावू नये. बाळ तिच्या हातात देताना कचरू नये. तपासणीचा निकाल काहीही असो, पुरुषाने तो आपल्या तोंडाने घरात सांगावा. आणि आम्ही भिक्षुकांनी, कोणी खांबाशी बसून राहिले तर आधी विचारावे, मग सांगावे.

सन २०२४ मध्ये, अठ्ठावीस वर्षांनी, मी त्या दांपत्याच्या घरी भिक्षेला गेलो. यजमानाने खरे काय ते भावकीला केव्हाच सांगून टाकले होते. बाई साठी ओलांडलेली. जेवण झाल्यावर तिने ट्रंकेतून एक पिवळे पडलेले वर्तमानपत्राचे कात्रण आणून दाखवले. ऑगस्ट १९८६ चे, मुंबईच्या त्या जन्माचे. “तेव्हा वाटले होते, आपलेही होईल,” ती म्हणाली. “परवडणारे नव्हते. टाकवलेही नाही.” मी त्या दिवसाबद्दल तिची क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, मूल झाले नाही ते दुःख आता जुने झाले. पण त्या दिवशी तुम्ही नुसते, बाई, बसा, काय झाले, एवढे विचारले असते, तर मी प्रायश्चित्त आनंदाने केले असते.”

मी म्हणालो, “बाई, बसा. काय झाले?”

ती बोलत राहिली. यजमान उंबऱ्याशी बसून ऐकत होता. दिवेलागण झाली तरी ती बोलत होती, आणि त्या दिवशी मी निरूपण केले नाही.